हापशाचे पाणी: आफ्रिकेतील खेड्यांचा धडा

साठीपुढच्या वाचकांना नारू आठवत असेल. नारूचा रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरे, जखमेतून अळ्या पाण्यात पडत व सायक्लॉप्स या बारीक जलकीटकाच्या पोटात जात. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगातून सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा जंत बाहेर पडे. या रोगावर लस नाही, तो बरा करणारे औषधही नाही. उपाय एकच, शुद्ध पाणी. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला. जगात १९८६ साली नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये अवघे १५ नोंदले गेले, सर्व आफ्रिकेतील चाड व दक्षिण सुदान येथे.

आफ्रिकेच्या खेड्यांत पाण्याचे काम करणाऱ्यांत सरकारे व युनिसेफच्या जोडीला ख्रिस्ती मिशनही आहेत. मिशनच्या दवाखान्यातून जुलाबाचे मूल बरे होऊन जाते. पण घरी त्याच डबक्याचे पाणी प्यायले, की पुन्हा आजारी पडते. म्हणून औषधाबरोबर विंधन विहीर हवी. जमिनीत खोल मुरणारे पाणी मातीच्या थरांतून गाळले जाते आणि विहिरीचे तोंड बंद असल्याने गुरांची घाण आत जात नाही.

या कामाशी आपलेही नाते आहे. १९७० च्या दशकात जालना व सोलापूर भागातील मिशनच्या कामातून मजबूत हापसे घडले. त्यांवरून 'इंडिया मार्क-२' तयार झाला आणि तो आफ्रिकेतील अनेक देशांत पोचला. युगांडाचा 'यू-२' हापसा त्याचाच अवतार.

परंतु हापसा बसवला म्हणजे काम संपले, असे नाही. २००९ च्या एका अंदाजानुसार आफ्रिकेतील सुमारे एकतृतीयांश हापसे बंद होते. कुठे वॉशर झिजतो, कुठे आम्लधर्मी पाण्याने लोखंडी पाइप गंजून पाणी लाल येते. मग बायका घागर घेऊन पुन्हा डबक्याकडे वळतात आणि रोग परततो. म्हणूनच जाणत्या संस्था आता विहिरीबरोबर गावातला दुरुस्ती करणारा तयार करतात, पाणी समिती नेमतात व प्रत्येक घराकडून थोडी वर्गणी घेतात.

आपल्या गावीही हेच लागू आहे:

१. हापशाभोवती सिमेंटचा ओटा व सांडपाण्याला नाली हवी. ओटा फुटला, तर घाण पाणी आत झिरपते.

२. शौचखड्डा हापशापासून किमान ३० मीटर दूर असावा.

३. घागर रोज घासून झाकून ठेवावी. पाणी हात न बुडवता, लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे.

४. हापसा बिघडल्यास त्याच दिवशी ग्रामपंचायतीला कळवावे. दुरुस्त होईपर्यंत दुसरे पाणी गाळून व उकळून प्यावे.

हापसा कोणीही बसवो, तो चालू ठेवणे गावाच्याच हाती असते.