चौकटीतलं माळरान

वाशीम जिल्ह्यातल्या माळाचं गवत मोजायचं म्हणजे आधी गुडघे टेकायचे. मीटरभर लांब-रुंद चौकट जमिनीवर ठेवायची आणि आतला एकेक ठोंब ओळखायचा. पवना आणि मारवेल भरपूर असतील तर माळ धडधाकट. ही बहुवर्षायू गवतं गुरांच्या आवडीची, म्हणून अतिचराईत पहिली तीच संपतात. त्यांच्या जागी कुसळी पसरते. पिकल्यावर तिची कुसळं टोचतात, मग जनावर तिला तोंड लावत नाही. त्याहून हलाखी झाली की उरतो तरोटा आणि उघडा मुरूम.

पुढचं काम या हिशेबावर ठरतं. पवना टिकून असेल तर बी झडल्यावर कापणी. कुसळी माजली असेल तर त्या तुकड्यावर काही पावसाळे चराईबंदी. मुरूम उघडा पडलेल्या ठिकाणी मात्र मारवेलचे ठोंब लावावे लागतात.

सरकारी कागदावर हा माळ वेगळाच दिसतो. चॅम्पियन आणि सेठ यांच्या 1968 च्या वनप्रकारांच्या यादीवर वनखातं अजूनही विसंबतं, आणि तिच्यात कोरडं गवताळ रान म्हणजे शुष्क पानझडी जंगलाची अवनत अवस्था! एकदा ‘बिघडलेलं जंगल’ म्हटलं की खड्डे आणि रोपं ओघानंच येतात. 1973 मध्ये मात्र गवताचे अभ्यासक दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातल्या गवताळ रानांचे पाच प्रकार मांडले. त्यात दख्खनचा माळ ‘सेहिमा-डायकॅन्थियम’ प्रकारात पडतो. नावं लॅटिन, गवतं तीच: पवना आणि मारवेल.

याच जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ अभयारण्य 2000 साली जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम 18 चौरस किलोमीटर, आणि तेही काळविटांसाठी. काळवीट झाडीत लपत नाही. त्याला लांबवर दिसायला आणि सुसाट पळायला मोकळं रान लागतं. तणमोर या माळावरच्या पक्ष्याचं तसं नाही. पावसाळ्यात नर गवतावरून उंच उड्या मारून मादीला खुणावतो, मादी गवतातच अंडी घालते; त्याला वाढलेलं, न कापलेलं गवत हवं. म्हणजे ‘माळरान’ एवढी एक नोंद करूनही भागत नाही, आतले तुकडे वेगळे ओळखावे लागतात.

तितर-लाव्ह्यांसाठी फासे लावणाऱ्या फासेपारध्यांना कुठल्या गवतात काय बसतं हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. अकोला-वाशीमच्या माळांवर ‘संवेदना’ ही संस्था याच समाजाला सोबत घेऊन गवत आणि तणमोर राखण्याचं काम करते. चौकट कुठे टाकायची, हे त्यांना विचारलेलं बरं.