मौन म्हणजे होकार?

दिवाळीत आजोळी, निमोण्याला गेलो होतो. मामेबहिणीला बघायला पाहुणे आलेले. "मुलीला विचारा की," कुणीतरी म्हणालं. ताई मान खाली घालून गप्प. मामा हसले, "गप्प आहे म्हणजे होच!" मीही हसलो.

हॉस्टेलवर परतल्यावर मी तेच गणित वापरलं. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसनंतर एका मैत्रिणीचा हात धरला. तिने सोडवला नाही. मला वाटलं, जमलं! नंतर आठवडाभर ती मला टाळत होती. विचारलं तर म्हणाली, "काय करावं तेच सुचलं नाही रे."

मग मी थोडं वाचलं. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. हेच 'मथुरा प्रकरण'. हायकोर्टाने दोन पोलिसांना दोषी ठरवलं, पण 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असणार! 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यात पुण्याच्या वसुधा धागमवारही होत्या. मुद्दा साधा: मुकाट्याने सोसणं म्हणजे संमती नव्हे. देशभर आंदोलनं झाली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा प्रकरणात बाई 'संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं.

2013 पासून तर कायद्यात संमतीची व्याख्याच आहे. आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे. शब्दांनी, खुणेने, कसंही, पण स्पष्ट आणि स्वेच्छेने दिलेला होकार. प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती ठरत नाही. नशेत भान नसताना दिलेला होकार चालत नाही. अठराच्या आत तर संमतीला अर्थच नाही. फर्स्ट इयरवाल्यांनी हे नीट लक्षात ठेवा.

माझी गोष्ट हात धरण्याएवढीच होती, त्या प्रकरणाशी तिची तुलना नाही. पण चुकीची समजूत तीच. कॉफीला 'हो' म्हणजे फक्त कॉफीला हो. काल हो म्हणालेली व्यक्ती आज नाही म्हणू शकते. आणि समोर सिनियर असेल, तर ज्युनियरला 'नाही' म्हणणं सोपं नसतं, हे सिनियरनेच ओळखायला हवं.

मी तिची माफी मागितली. "ठीक आहे," म्हणाली, पण पूर्वीसारखं बोलणं अजून नाही. आणि ताईला फोन करून विचारलं, "तुला खरंच पसंत होता का गं?" ती म्हणाली, "हे विचारणारा तू पहिलाच."

तेव्हा दोस्तहो, विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.