मधुमेह आणि घरातील वडीलधारी माणसे

मधुमेह हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेसारख्या प्राचीन वैद्यकग्रंथातही त्याचे वर्णन आढळते. परंतु हा सुखवस्तू शहरवासीयांचा रोग, राबणाऱ्या खेडुताला तो कोठून होणार, अशी समजूत आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात आजही ऐकू येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने ती खोटी ठरविली आहे. देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असून ग्रामीण भागातही त्याचे प्रमाण शेकडा ९ च्या घरात आहे.

अन्नातील पिष्ट पदार्थांपासून ग्लुकोज नावाची साखर बनते. ती रक्तातून पेशींत शिरावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन नावाचा स्राव निर्माण करते. हा स्राव अपुरा पडला, किंवा पेशी त्यास दाद देईनाशा झाल्या, की साखर रक्तातच साचून राहते. उतारवयात स्वादुपिंड थकते, शेतातील श्रम सुटतात व स्नायू क्षीण होतात. म्हणून वृद्धांना हा धोका विशेष. उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक साखर पुन्हापुन्हा आढळली, तर तो मधुमेह होय. १०० ते १२५ ही पूर्वावस्था. या अवस्थेत रोज चालणे व वजन आटोक्यात ठेवणे, एवढ्यानेही रोग पुष्कळदा टळतो किंवा लांबणीवर पडतो.

आता आहाराविषयी. आम्ही मूळचे भात खाणाऱ्या किनारपट्टीतले. त्यामुळे इकडच्या ज्वारीच्या भाकरीचे आम्हांस कौतुक आहे. तथापि ज्वारी खाणाऱ्यास मधुमेह होत नाही, हे खरे नव्हे. ज्वारीतही पिष्ट असतेच. तिच्यातील तंतूंमुळे साखर पांढऱ्या भातापेक्षा सावकाश चढते, इतकेच. म्हणून भाकरी मोजून घ्यावी आणि ताटात पालेभाजी व तुरीचे वरण वाढवावे. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. असे उत्तम कडधान्य आपल्या दारीच पिकते! साखरेऐवजी गूळ चालतो, हाही भ्रमच. रक्ताला दोन्ही सारखेच.

या रोगाची खरी भीती अशी, की तो बहुधा गाजावाजा न करता येतो. डोळे व मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. पायांच्या नसा बधिर होतात. अनवाणी शेतात गेलेल्या आजोबांच्या तळव्यात काटा मोडला, तरी त्यांस कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. जो पाय रोज पाहिला असता, तर वाचला असता, तो असा जावा, ही केवढी दुःखाची गोष्ट!

दुसरा धोका उपवासाचा. एकादशी असो वा रोजा, इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल तर त्यास तत्काळ साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे. उपवासापूर्वी डॉक्टरांस विचारावे. बरे वाटते म्हणून औषध मनानेच बंद करणे हेही तितकेच घातक.

विद्यार्थिमित्रहो, येथे तुमचे काम आहे. घरातील अनेक वृद्धांना गोळीच्या वेष्टनावरील अक्षरे वाचता येत नाहीत आणि स्वतःचे तळवे पाहता येत नाहीत. तुम्हांला दोन्ही येते. रोज सायंकाळी आजी-आजोबांचे पाय उजेडात पाहा, औषधाची वेळ सांगा, त्यांच्यासोबत अर्धा तास चाला, आणि त्यांस सरकारी आरोग्य केंद्रात रक्ततपासणीस न्या. तेथे ती विनामूल्य होते. १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लावणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिन १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन होय. आपला बालदिनही त्याच दिवशी येतो. त्या दिवशी मुलांनी वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीची विचारपूस करावी, याहून उचित असा बालदिनाचा कार्यक्रम आम्हांस तरी दिसत नाही.