गाडीचा अलार्म थांबत नाही तेव्हा: ऐकीव उपाय आणि वस्तुस्थिती

गाडीचा सायरन थांबायचं नाव घेत नसला, की भोवती जमलेल्यांकडून भराभर उपाय येतात. बॅटरी काढा, फ्यूज उपटा, चावीने दार उघडा, नाहीतर सरळ वायर तोडा. यातला प्रत्येक उपाय कुठल्या तरी गाडीवर कधीतरी लागू पडलेला असतो, म्हणून तो छातीठोकपणे सांगितला जातो. पण आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांतला अलार्म कारखान्यातून आलेलाच नसतो. खालच्या व्हेरिएंटची गाडी घेतली, की रिमोटवालं सेंट्रल लॉकिंग शोरूममध्ये ॲक्सेसरीज म्हणून किंवा बाहेरच्या दुकानात बसवून घेतलं जातं आणि त्याच्याच जोडीला सायरन येतो. त्याची वायरिंग कशी केली, फ्यूज कुठे ठेवला, तो बंद कसा करायचा, यातलं काहीही गाडीच्या मॅन्युअलमध्ये सापडत नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर चाललेला उपाय आपल्या गाडीवर फसतो, आणि कधीकधी नुकसानही करतो.

गैरसमज: बॅटरीची वायर काढली की आवाज बंद

साधा सायरन असेल तर खरंच बंद होतो. पण पुष्कळ सायरनच्या आत स्वतःचा छोटा, चार्ज होणारा सेल असतो. तो तिथे ठेवण्याचं कारणच हे, की चोराने बॉनेट उघडून बॅटरी तोडली तरी सायरन वाजत राहावा. अशा सायरनला मुख्य बॅटरीचा पुरवठा तुटला हाच धोक्याचा इशारा असतो. म्हणजे वाजत नसलेला सायरनही बॅटरी काढल्यावर वाजू लागतो, आणि वाजत असलेला आतला सेल संपेपर्यंत थांबत नाही. त्याला बंद करण्यासाठी सायरनच्या अंगावरच एक बारीक कुलूप असतं. त्याची वेगळी छोटी चावी गाडी घेताना पाकिटातून मिळालेली असते आणि बहुतेकांच्या घरी ती कुठल्यातरी खणात हरवलेली असते.

इथे एक खूण उपयोगी पडते. सायरनसोबत गाडीचे इंडिकेटर उघडझाप करत असतील, तर मुख्य यंत्रणेनेच अलार्म दिलेला आहे. इंडिकेटर शांत आणि सायरन एकटाच सलग वाजत असेल, तर संशय सायरनच्या पुरवठ्यावर घ्यावा: बॅटरीचं टर्मिनल सैल आहे, त्यावर पांढरट-हिरवा क्षार जमलाय किंवा सायरनची वायर कुठेतरी तुटली आहे. बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडणं हेही आपल्याकडे नेहमीचंच कारण.

साधा सायरन असला तरी बॅटरी काढणं हा उपाय तात्पुरताच. बऱ्याच यंत्रणा वीज जाण्याआधीची स्थिती लक्षात ठेवतात, त्यामुळे बॅटरी परत जोडताच आवाज पुन्हा सुरू होतो. मधल्या वेळात घड्याळ पुसलं जातं, काही गाड्यांतली म्युझिक सिस्टिम कोड मागू लागते. तरीही बॅटरी काढायचीच वेळ आली, तर आधी निगेटिव्ह वायर सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर जोरदार ठिणगी उडते.

गैरसमज: रिमोटचा लाल दिवा लागतो, म्हणजे सेल चांगला आहे

रिमोटवरचा तो दिवा अगदी थोड्या विजेवर लागतो. सिग्नल गाडीपर्यंत पोचवायला त्याहून जास्त लागते. सेल उतरू लागला की दिवा लागत राहतो आणि पल्ला मात्र कमी होत जातो: आधी तिसऱ्या मजल्यावरून चालणारा रिमोट हळूहळू दाराजवळ उभं राहूनच चालू लागतो, आणि मग एके दिवशी अलार्म लागतो पण निघत नाही. म्हणून पहिला प्रयत्न काचेला रिमोट टेकवून करावा. जुन्या बाहेरच्या रिमोटमध्ये पेन्सिल सेलपेक्षा आखूड असा १२ व्होल्टचा ‘२३ ए’ सेल असतो, नव्यांमध्ये ३ व्होल्टचा ‘सीआर २०३२’सारखा चपटा. दोन्ही घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. सेल बदलण्याआधी यंत्रणा बदलायचा खर्च मुळीच करू नये.

सेल नवा टाकूनही रिमोट चालत नसेल, तर दुसरी शक्यता. चांगल्या रिमोटमध्ये प्रत्येक दाबासरशी नवा कोड जातो, म्हणजे कुणी एकदा सिग्नल पकडून ठेवला तरी तो पुन्हा चालत नाही. रिमोट आणि गाडी दोघं या कोडची मोजणी आपापल्या परीने ठेवतात. घरात लहान मूल रिमोटशी खेळत बसलं, तर रिमोटची मोजणी पुढे निघून जाते आणि गाडी मागे राहते. अशा वेळी गाडीजवळ उभं राहून तेच बटण लागोपाठ दोनदा दाबलं, की बहुतेक यंत्रणा मोजणी जुळवून घेतात. तेवढ्यानेही जमलं नाही, तर रिमोट पुन्हा ‘शिकवावा’ लागतो. तो विधी अलार्मसोबतच्या पत्रकात दिलेला असतो किंवा बसवणारा करून देतो.

गैरसमज: चावीने दार उघडलं की अलार्मला मालक ओळखता येतो

कंपनीच्या काही अलार्मना येतो. बाहेरून बसवलेल्या बहुतेकांना येत नाही. त्यांना एवढंच कळतं, की अलार्म लावलेला असताना दार उघडलं. रिमोट बंद पडल्यावर चावीने दार उघडणाऱ्या खऱ्या मालकालाही ते चोरासारखंच वागवतात. हा त्यांचा दोष नव्हे, त्यांची रचनाच तशी आहे.

या प्रसंगासाठीच एक छोटा बटणवजा स्विच दिलेला असतो. त्याला व्हॅले स्विच किंवा ओव्हरराइड स्विच म्हणतात. तो मुद्दाम लपवलेला असतो: स्टिअरिंगखालच्या पॅनेलमागे, फ्यूज बॉक्सच्या शेजारी किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या पाठीमागे. साधारण रीत अशी: चावीने दार उघडायचं, सायरन वाजू द्यायचा, इग्निशन ऑन करायचं आणि लगेच तो स्विच दाबायचा. काही यंत्रणांत तो काही सेकंद दाबून धरावा लागतो, काहींत ठरावीक वेळा दाबावा लागतो. सायरन थांबला की गाडी नेहमीसारखी सुरू होते. थांबत नसलेल्या अलार्मवरचा हा खरा उपाय आहे, आणि नेमका हाच बसवून घेताना कुणी विचारत नाही, दुकानदारही आपणहून दाखवत नाही.

गैरसमज: गाडीच्या फ्यूज बॉक्समधला फ्यूज काढला की झालं

बाहेरच्या अलार्मचा फ्यूज तिथे नसतोच. तो त्याच्या लाल वायरवर, बॅटरीजवळ किंवा डॅशखाली, प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत असतो. फ्यूज बॉक्समधले फ्यूज अंदाजाने उपटत गेल्याने फक्त गाडीचे इतर भाग बंद पडतात. डॅशखाली कात्री किंवा ब्लेड घेऊन वायर तोडणं तर धोक्याचं आहे. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायर एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांतल्या केशरी केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांच्या आसपासही जाऊ नये.

गैरसमज: अलार्म उगाचच वाजतो

उगाच वाजणारे अलार्म फार थोडे. बहुतेक वेळा त्याला काहीतरी जाणवलेलं असतं, फक्त ते चोर नसतं. सायरन साधारण अर्धा मिनिट वाजून थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, असं चक्र चालू असेल तर कुठलातरी स्विच किंवा सेन्सर ‘उघडं आहे’ असं सतत सांगतो आहे.

सर्वांत आधी बॉनेटचा पिन स्विच पाहावा. बॉनेट बंद झालं की दबणारी ही छोटी खिळी पाणी, चिखल आणि इंजिनाची उष्णता झेलत असते. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत एखाद्या पावसाळ्यातच ती गंजते. अडकली, की बॉनेट बंद असूनही यंत्रणेला ते उघडं वाटतं. प्रेशरने इंजिन धुतल्यावर दोन दिवस अलार्म त्रास देत असेल, तर कारण बहुधा हेच. गंज घासून, संपर्क साफ करून पाहावा. स्विच नवा घ्यायला फार खर्च येत नाही.

दारांचे स्विच तपासायला सोपे: सगळी दारं लावल्यावर आतला छतावरचा दिवा विझत नसेल, तर एखादा स्विच बिघडलाय किंवा दार नीट लागलेलं नाही. डिकीचा दिवा विसरू नये.

मग शॉक सेन्सर. धक्का किंवा थरथर ओळखणारा हा भाग डॅशखाली बांधलेला असतो आणि त्याच्यावर संवेदनशीलता कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू असतो. गणपतीत ढोल-ताशाचं पथक गल्लीतून गेलं किंवा दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला, की रांगेतल्या पाच-सहा गाड्या एकदम ओरडू लागतात, ते या स्क्रूमुळे. बसवणाऱ्याने ग्राहकावर छाप पडावी म्हणून तो फार पुढे नेऊन ठेवलेला असतो. काचेवर तळहाताने मारलेल्या थापेला वाजेल आणि शेजारून गेलेल्या ट्रकला वाजणार नाही, इतका तो मागे घ्यावा.

शेवटचं कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: गाडीचीच उतरलेली बॅटरी. काही यंत्रणा व्होल्टेज अचानक पडलं, की कुणीतरी दार उघडलं असं समजतात. गाडी महिनाभर उभी असेल आणि अलार्म पहाटेच वाजत असेल, तर मल्टिमीटर लावावा. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ किंवा त्याखाली असेल, तर आधी बॅटरीचा इलाज करावा आणि मग अलार्मकडे वळावं. अलार्म स्वतःही रात्रंदिवस थोडी वीज खातोच.

कुठून इशारा आला हे अनेक यंत्रणा सांगतातही. अलार्म काढल्यावर डॅशवरचा छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, आणि त्या मोजणीचा अर्थ पत्रकात छापलेला असतो: इतक्या वेळा म्हणजे दार, इतक्या वेळा म्हणजे धक्का. पत्रक जपून ठेवावं ते यासाठी.

गैरसमज: सायरन थांबला पण गाडी सुरू होत नाही, म्हणजे स्टार्टर गेला

बाहेरच्या पुष्कळ यंत्रणांत एक रिले स्टार्टरची किंवा इंधन पंपाची वायर अडवून ठेवतो. सायरनची वायर तोडून आवाज थांबवला, तरी रिले जागच्या जागीच असतो. अशा गाडीला नवा स्टार्टर टाकून काही होत नाही. अलार्म रीतसर काढावा लागतो.

गैरसमज: अलार्म काढून टाकला तर विम्याची सवलत जाईल

मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात चोरीविरोधी साधनासाठी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के सवलत होती, कमाल ५०० रुपये, आणि तीही पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेलं साधन, प्रमाणपत्रासह बसवलं तरच. दुकानातून बसवलेल्या कुठल्याही सायरनला ती मिळत नव्हती. पॉलिसीवर सवलतीची नोंद नसेल, तर गमवायला काही नाही.

न थांबणाऱ्या सायरनचा त्रास शेजारपाजारालाही होतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि सायरनच्या खोक्यांवर बहुधा १००हून मोठा आकडा छापलेला असतो. त्या आवाजात कुणाचं तान्हं बाळ असतं, कुणाचं आजारी माणूस. म्हणून या आठवड्यात एकदा, दिवसाउजेडी, ज्याने अलार्म बसवला त्याच्याकडे गाडी न्या. व्हॅले स्विच, वायरीवरचा फ्यूज आणि सायरनची चावी या तिन्ही गोष्टी त्याच्याकडून प्रत्यक्ष बोटाने दाखवून घ्या, तुमच्या हाताने एकदा अलार्म काढून पाहा, आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते शिकवा. गाडी पार्किंगमध्ये ठेवून गावाला जाणार असाल, तर जादा रिमोट आणि तुमचा फोन नंबर विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवून जा.