18.7 मिलिमीटरची अडचण

येडगाव धरणाच्या काठावर कुणी लायका एमची जुनी 50 मिलिमीटरची लेन्स निकॉनच्या डिजिटल एसएलआरला टेकवून धरली, तर पलीकडचे डोंगर काही केल्या स्पष्ट होत नाहीत. लेन्सवरची रिंग अनंताच्या खुणेवर असूनही लख्ख दिसतं ते जेमतेम 18 सेंटिमीटरवरचं: हरळीचं पातं, नशीब असेल तर त्यावर बसलेला चतुर. लेन्स बिघडलेली नसते, बसायची जागा चुकलेली असते.

1954 पासूनच्या लायका एम कॅमेऱ्यांत लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर 27.8 मिलिमीटर, 1959 पासूनच्या निकॉन एफ माउंटमध्ये 46.5. अडतं ते या 18.7 मिलिमीटरपाशी. लायका एमसारखा रेंजफाइंडर कॅमेरा वापरणारा लेन्समधून बघतच नाही, बाजूच्या खिडकीतून बघतो. त्यामुळे आत आरसा नको आणि लेन्स फिल्मच्या जवळ जाऊन बसू शकते. एसएलआरमध्ये आरसा दर फोटोला वर उडतो, त्याला जागा लागते. अंतर कमी पडलं तर मधे रिंग घालता येते, जास्त झालं तर काय करणार? बॉडी कापली तरी आरसा लेन्सच्या बुडावर आपटायचा.

जुन्या बाजारातला खरा चकवा सोव्हिएत लेन्सचा. इंडस्टार-50 रेंजफाइंडरसाठीही निघाली आणि झेनिट एसएलआरसाठीही. दोन्हींचे आटे 39 मिलिमीटरचे, पण बैठकीचं अंतर एकीचं 28.8, तर दुसरीचं 45.2. मुंबईच्या चोर बाजारात अशी लेन्स हाती लागली, तर आटे फिरले म्हणून हुरळून जाऊ नये.

रेंजफाइंडरची लेन्स एसएलआरवर चालत नाही, याला सुंदर अपवाद लायकाच्याच घरात आहे. लांब पल्ल्याच्या लेन्ससाठी कंपनीने व्हिझोफ्लेक्स नावाची आरशाची पेटी काढली होती. तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीसाठीच्या लेन्स फिल्मपासून 68.8 मिलिमीटरवर बसत. म्हणजे निकॉनवर 22.3 मिलिमीटर शिल्लक! एवढ्यात साधी पोकळ रिंग बसते आणि डोंगरही स्पष्ट येतात.

बाकीच्यांची सुटका आरसाच गेल्यावर झाली. 2013 च्या सोनी ए7 मध्ये हे अंतर 18 मिलिमीटर, त्यामुळे लायका एमसाठी 9.8 मिलिमीटरची रिंग पुरते. तरी वाइड लेन्सचं बूड सेन्सरच्या फार जवळ येतं, कडेला किरण तिरपे पडतात आणि कोपरे कधी काळवंडतात, कधी जांभळट होतात. जुनी काच म्हणजे जादू, असं म्हणणारे हे कोपरे सहसा दाखवत नाहीत.

जुनी काच, नवी बॉडी हा खटाटोप येडगावच्याच जुन्नर तालुक्यात, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर, फार मोठ्या मापात झाला आहे. जीएमआरटीच्या 30 डिश प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून त्यांवर पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी ताणलेली. त्यांचा फोकस 18.54 मीटरवर. दुर्बीण अद्ययावत करताना डिश त्याच ठेवल्या, बदलले रिसीव्हर आणि त्यामागची डिजिटल यंत्रणा. एका वेळी पूर्वी 32 मेगाहर्ट्झचा पट्टा टिपता येई, आता 400 पर्यंतचा येतो.

इथे आरशाची आडकाठी नव्हती, पण अंतराची शिस्त तीच. फोकसपाशी चार तोंडांचा फिरता सांगाडा आहे आणि प्रत्येक तोंडावर वेगळ्या पट्ट्याचा रिसीव्हर. हवा तो पट्टा मोटर फिरवून डिशकडे वळवतात, आणि नव्या रिसीव्हरलाही जुन्याच्याच जागी, त्या 18.54 मीटरवर, येऊन थांबावं लागतं.