मुंबईचं पाणी येतं कुठून, जातं कुठे?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात घरटी कोणी ना कोणी मुंबईला असतंच. तिथे खोलीत नळ सोडला की पाणी येतं आणि वापरलं की मोरीतून जातं. मधे काय घडतं, ते आज समजून घेऊ. त्यातलं बरंच आपल्या विहिरीला आणि संडासालाही लागू पडतं.

मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. विहार आणि तुळशी शहरातच आहेत. विहार सगळ्यांत जुना, १८६० सालचा. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा हे पाच ठाणे-नाशिककडच्या डोंगरांत. एकटा भातसा जवळजवळ निम्मं पाणी देतो. रोजचं पाणी साधारण ३८५ कोटी लिटर! आणि ज्या शहापूर तालुक्यातून त्यातलं बरंचसं येतं, तिथल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

भांडुप आणि पांजरापूरला हे पाणी शुद्ध होतं. तुरटीने गाळ खाली बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन घालतात. मग ते उंचावरच्या टाक्यांत साठवून तिथून वस्त्यांना सोडतात. मलबार हिलच्या बागेखाली अशीच टाकी आहे.

बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येतं. पाणी बंद झालं की पाइपातला जोर जातो. पाइप फुटका असेल आणि शेजारी गटार असेल, तर घाण आत ओढली जाते. शुद्ध करून सोडलेलं पाणी वाटेत बिघडतं ते असं. आपल्या नळयोजनेचंही तसंच आहे.

वापरलेलं पाणी जमिनीखालच्या मोठ्या नळांतून उताराने वाहतं. उतार संपला की पंपाने उचलून पुढे ढकलतात. वरळी आणि वांद्र्याहून ते लांब नळातून समुद्रात आत नेऊन सोडतात. ते नीट शुद्ध व्हावं म्हणून आता सात ठिकाणी मोठी केंद्रं उभारायचं काम चालू आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवून सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं गुदमरून मरतात. आपली घाण दिसेनाशी होते, पण तिचा भार कोणावर तरी पडतोच.

आपल्या गावात असे मोठे नळ नाहीत. विहीर आणि संडासाचा खड्डा एकाच परसात असतात. त्यात आपला जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी विहिरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. कावीळ, जुलाब तिथूनच येतात. म्हणून गटात चार गोष्टी ठरवूया.

एक, शोषखड्डा विहिरीपासून किमान दहा मीटर दूर हवा. जांभ्यात याहून जास्त. विहिरीच्या वरच्या अंगाला नकोच.

दोन, सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसून घ्यायची. आत माणूस उतरवायचा नाही.

तीन, नळाचा पाइप गटारातून गेला असेल तर ग्रामसभेत लेखी अर्ज द्यायचा.

चार, जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण देतात. आपल्या गावात त्या कोण, विचारायचं. तपासणीच्या बाटलीतलं पाणी काळं झालं तर ते पिण्याजोगं नाही. जलसुरक्षकाला सांगून टीसीएल पावडर टाकून घ्यायची, आणि तोवर पाणी उकळूनच प्यायचं.