सफरचंदातील रोगप्रतिकारशक्ती आणि चव : वाणनिर्मितीतील एक पेच

प्रस्तावना :
'स्कॅब' या बुरशीजन्य रोगामुळे सफरचंदाच्या पानांवर व फळांवर काळपट, खरबरीत डाग पडतात आणि फळाचे बाजारमूल्य घटते. काश्मीरमध्ये 1973 साली या रोगाची मोठी साथ आली होती. रोग टाळण्यासाठी एका हंगामात अनेक वेळा बुरशीनाशके फवारावी लागतात. रोगप्रतिकारक वाण हा त्यावरील मूलगामी उपाय होय. परंतु ग्राहक फळाची निवड चवीवरून करतो. या दोन गुणांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रानटी जातीचे योगदान :
'मेलस फ्लोरिबुंडा' या शोभेच्या जातीची फळे जेमतेम बोराएवढी व आंबट असतात. मात्र तिच्यातील 'व्हीएफ' हे जनुक स्कॅबला प्रतिबंध करते. अमेरिकेतील पर्ड्यू, रटगर्स व इलिनॉय या विद्यापीठांनी 1945 पासून संयुक्तपणे हे जनुक चविष्ट वाणांत आणण्याचे कार्य हाती घेतले. त्यासाठी प्रत्येक पिढीतील प्रतिकारक रोपांचा संकर उत्तम चवीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा करावा लागतो. रोपाची प्रतिकारशक्ती लहानपणीच तपासता येते; चव कळण्यासाठी मात्र फळ धरेपर्यंत काही वर्षे थांबावे लागते. त्यामुळे 'प्रायमा' हा पहिला वाण 1970 मध्ये प्रसारित झाला. पुढे 1990च्या दशकात आलेला 'गोल्डरश' काढणीच्या वेळी आंबट असला, तरी साठवणुकीत अधिक स्वादिष्ट होतो.

प्रतिकारशक्तीचा टिकाऊपणा :
कलमाने वाढविलेली एका वाणाची सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या सारखीच असतात. याउलट, गळलेल्या पानांत हिवाळा काढणाऱ्या बुरशीत लैंगिक प्रजननामुळे दरवर्षी नवे जनुकीय संयोग निर्माण होतात. 'व्हीएफ'ला न जुमानणारा बुरशीचा प्रकार जर्मनीत आढळल्याचे संशोधन 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजेच अनेक दशकांच्या परिश्रमांतून साधलेला गुण एकाच जनुकावर विसंबल्यास निष्प्रभ ठरू शकतो. म्हणूनच आता एकाच वाणात अनेक प्रतिकारक जनुके एकत्र आणली जातात. ती रोपात उतरली आहेत की नाहीत, हे डीएनए चाचणीने रोपावस्थेतच समजते.

निष्कर्ष :
चवीवाचून रोगप्रतिकारक वाण बाजारात टिकत नाही आणि केवळ एका जनुकाच्या बळावर तो बागेत टिकेल याची शाश्वती नसते. रोगट पाने गोळा करून नष्ट करणे व मोजकी फवारणी करणे यांची जोड दिली, तरच अशा वाणांचे आयुष्य वाढते.